पाणबुड्यांचा वर्ग आणि माझं हिरवं लुगडं

३० नोव्हेंबर १९८६, रविवार

खतवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी. अकरा महिने सुनेने, म्हणजे दमयंतीने, तिच्यावर गरम पातेलं ठेवलं. पुठ्ठ्यावर गोल डाग पडलाय, आतून कोरी आहे. दोन वर्षांपूर्वी मी प्रौढ शिक्षणाचा वर्ग पास झाले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हौसाबाई, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षरं गंजतील. मी म्हटलं, उद्यापासून. आज तो उद्या आला.

कारणही तसंच आहे. माझा नातू शिवा उद्यापासून पाणबुड्यांच्या वर्गाला जाणार. बुडालेली माणसं काढायची, खाडीत पडलेली गाडी शोधायची, पुरात दोर घेऊन जायचं, असलं सगळं शिकवणार. वर्ग आमच्याच वाडीखालच्या धक्क्यावर. मुलं आठ. सोळा तारखेला परीक्षा. आठातले दोघे जिल्ह्याच्या मदत पथकात कायम घेणार, आणि नेमणूक रत्नागिरीतच. हे शेवटचं मी शिवाकडून तीनदा वदवून घेतलं.

नाही निवडला तर मुंबई. त्याच्या बापाने गोदीत जागा बघून ठेवलीय. वीस तारखेच्या गाडीला बसवा, पुढे थांबणार नाहीत, असं पत्र आलंय. माझा नवरा बोटीवर होता, मुलगा गोदीत आहे. या घरातले पुरुष मी गणपतीत आणि शिमग्यात बघितले. शिवाला मी बाराही महिने बघणार.

संकल्प. एक, शिवाला पहिला आणायचा. दोन, शेजारच्या गंगुबाईला काही सांगायचं नाही, कारण तिचा भाचा केरूही वर्गाला आहे. तीन, वहीत खोटं लिहायचं नाही.

मला यातलं बरंच कळतं. माहेरी मी रोज खाडी पार करायचे.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला धक्क्यावर हजर. शिवा म्हणाला, आजी, तू कशाला? म्हटलं, तुझ्यासाठी नाही, वाऱ्याला आलेय.

साहेबांचं नाव कुवेसकर. नेव्हीतून रिटायर. अंगाने सुकटीसारखे, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. मी आधी त्यांना आमच्या खाडीची माहिती दिली. कुठे चिखल, कुठे खडप, कुठल्या साली कोण बुडालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजी, तुम्ही त्या माडाखाली बसा. मला खास जागा दिली. तिथून सगळं दिसतं, पाणी तेवढं दिसत नाही.

आजचा धडा दोराचा. खाडीचं पाणी गढूळ. खाली गेलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही आणि हाक तर ऐकूच येत नाही. म्हणून बोलायचं ते दोराने. एक पाण्यात, एक वर दोर धरून. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन झटके म्हणजे दोर सैल सोड. तीन झटके खालून आले तर ओढून घ्या, वरून दिले तर परत ये.

आणि सगळ्यात मोठा नियम. दोराशिवाय पाण्यात उतरायचं नाही. साहेब म्हणाले, स्वतःची आई जरी बुडत असली तरी आधी दोर, मग उडी. नाहीतर एकाच्या जागी दोघांना काढावं लागतं.

मला हे इतकं पटलं की घरी आल्यावर शिवाकडून जेवणाआधी म्हणून घेतलं. त्याने म्हटलं, मग त्याला बांगडा वाढला.

२ डिसेंबर, मंगळवार. देवदिवाळी

गंगुबाईला काही सांगितलं नाही. तिने विचारलं म्हणून फक्त अर्धा तास बोलले. ती म्हणाली, आमचा केरू श्वास धरून दोनशेपर्यंत मोजतो गो. मी म्हटलं, मोजायला शाळेत शिकवतात, ते काय पाण्याखाली जाऊन करायचं?

संध्याकाळी सराव. घरातलं सुंभ घेतलं, एक टोक माझ्या मनगटाला, एक शिवाच्या. तो परसात, मी चुलीपाशी. त्याने दोन झटके दिले. मी जोरात ओढलं. शिवा म्हणाला, दोन म्हणजे सैल सोड. मी म्हटलं, ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे का ते बघत होते.

परत दोन दिले. परत ओढलं. सुंभच काथ्याचं, त्यात नीट कळत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला

आज घरात मासळी नाही. वर्गात शिवाला ताकद कुठून येणार याची काळजी होती. कुळथाची पिठी दुप्पट खायला घातली. दुपारी तो जरा जड चालत होता असं केरू म्हणाला म्हणे.

साहेबांनी आज पाण्यात कोणालाच सोडलं नाही. पाणचष्म्यांना आतून काळा कागद लावला आणि आठही मुलांना मैदानात रांगायला लावलं. दोर एका खुंटीला, दुसरं टोक हातात, आणि खुंटीभोवती अर्धा गोल. गोल संपला की हातभर दोर वाढवायचा, परत अर्धा गोल. अशाने एक वीतसुद्धा जमीन सुटत नाही. साहेबांनी गवतात एक चमचा टाकला होता, तो हाताने चाचपून काढायचा.

हे तर मी लाईट गेल्यावर रोज करते. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, छान.

शिवाला चमचा दुसऱ्या खेपेला सापडला, केरूला तिसऱ्या. खेडचा विठू म्हणून एक पोरगा आहे, त्याला चौथ्या खेपेला. तो आधी स्वतःची गाठ बघतो, मग खुंटीची, मग परत स्वतःची. सगळी पोरं हसतात. मी पण हसले. नदीतला पोरगा तो, त्याला भरती-ओहोटी काय कळणार?

घरी येऊन मी डोळे बांधून स्वयंपाकघरात चमचा शोधला. वरवंटा सापडला. पायाच्या अंगठ्याला. तो दमयंतीने नेहमीच्या जागी ठेवला नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

शिवा आज नळकांडं पाठीला बांधून खाली गेला. त्यात गॅस नसतो, वारा भरलेला असतो. साहेब म्हणतात, वर येताना श्वास धरून ठेवायचा नाही, सोडत यायचं. धरला तर छाती फुटते. म्हणजे केरूचं दोनशे मोजणं फुकट. हे गंगुबाईला कळवून आले. शेजारधर्म आहे.

साहेबांना मी म्हटलं, आमच्या वेळी नळकांडी नव्हती, तरी मी खाडी पार करायचे. साहेबांनी विचारलं, पोहत? मी म्हटलं, होडीतून, पण वल्हं माझ्या हातात असायचं.

शिवा वीस मिनिटं खाली होता. साहेब म्हणाले, या पोराला पाण्यात घाबरायचं ठाऊक नाही. मी माडाखालून ऐकलं. घरी येऊन दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या इतक्या तडतडल्या की दमयंती शिंकत बाहेर गेली.

८ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं त्यात माझी चूक नाही.

केरू खाली होता आणि शिवा वर त्याचा दोर धरून. शिवाला पाणी द्यायला मी माडाखालून उठून गेले, तेवढ्यात त्याच्या चपलेत काटा गेला. म्हणाला, आजी, एक मिनिट. आता तो एक मिनिट थांब म्हणाला का एक मिनिट धर म्हणाला, हे नंतर वादात पडलं. मी धरला. इतक्यात खालून दोन झटके आले. दोन म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पाण्यावरचे बुडबुडे दिसेनात. दिसेनात तेव्हा ठाऊक असलेलं काय कामाचं? मी पाय रोवून ओढलं. धक्क्यावर मासळीवाल्या दोघी होत्या, त्यांनाही हाक मारली. तिघींनी ओढलं.

केरू पालथा वर आला. हातात चिखलाचा गोळा आणि एक चप्पल. काही तरी म्हणत होता, पण तोंडात नळी होती.

साहेबांनी आधी माझ्या हातातला दोर काढून घेतला. मग शिवाला म्हणाले, दोर दुसऱ्याच्या हातात का दिलास? शिवाने माझं नाव सांगितलं नाही. गुणाचा आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

साहेबांनी मला माडाखालून हलवून पार वरच्या पायवाटेवर बसायला सांगितलं. तिथून गाडीरस्त्याकडे लक्ष राहतं. कोणी विनाकारण धक्क्यावर आलं तर अडवायचं. इतके दिवस या कामाला माणूसच नव्हतं.

दिवसभरात कोणी आलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

घरी लक्ष्मीची पूजा, बायका हळदीकुंकवाला. दमयंती सहज बोलून गेली की साहेबांनी जुने कपडे मागितले होते, म्हणून शिवाचा चौकडीचा शर्ट देऊन टाकला. कशाला मागितले, मी विचारलं. म्हणाली, त्या पाव्हण्याला घालायला.

पाव्हणा म्हणजे गोणपाटाचा बाहुला. माणसाएवढा, आत वाळू. तो खाडीत टाकतात आणि मुलं खाली जाऊन चाचपून शोधून काढतात. नाव पोरांनीच ठेवलंय.

मला घाम फुटला. जित्या माणसाचा शर्ट बाहुल्याला घालायचा, तो रोज पाण्यात बुडवायचा आणि वर काढून मेला म्हणून धक्क्यावर निजवायचा! उतारा तरी याहून काय वेगळा असतो? दमयंतीला म्हटलं, अगो बाय, आईस ना तू त्याची? ती म्हणाली, आई, शर्ट काखेत फाटला होता.

शिवाला सांगितलं. तो हसला. आजी, तो तर मीच दोनदा वर काढला. म्हटलं, स्वतःला स्वतःच काढलंस, म्हणजे किती वाईट!

वर तो पाव्हणा जड. शिवा म्हणाला, चिखलात रुतला की कंबर मोडते. परीक्षेला पण तोच. पोराने नेमक्या त्या दिवशी कंबर धरली तर?

काहीतरी करायला हवं. संकल्प चार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

विचार केला.

पाव्हण्याला कोणाचे तरी कपडे हवेतच, नागवा कसा टाकणार? दुसऱ्याच्या पोराचा शर्ट घालणं पाप. मेलेल्याचा घातला तर मेलेला मागे लागतो. उरलं कोण? मी. माझं काय, माझं झालं सगळं बघून. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं. नवऱ्याने पहिल्या बोटीवरून आल्यावर आणलं होतं. मध्ये विरलंय, पण काठ अजून तसाच आहे. गंगुबाईचा त्यावर वीस वर्षं डोळा. एकदा तर म्हणाली होती, हौसा, तू गेलीस की हे मला ठेव. मी म्हटलं होतं, तू आधी गेलीस तर?

आणि वजनाचंही ठरवलं. वाळू थोडी कमी करून सोडणं भरायची. नारळ सोलून टाकलेली सुकी सोडणं परसात ढीगभर पडलीत. सगळ्याच पोरांना हलकं होईल, म्हणजे ही काही शिवासाठी लबाडी नाही.

१३ डिसेंबर, शनिवार. दुपारी तीन

झालं काम!

साडेबाराला साहेब आणि मुलं जेवायला गेली. धक्क्यामागच्या शेडला कुलूप नाही, नुसती दोरी. पाव्हणा कोपऱ्यात बसला होता, शिवाचा शर्ट घालून. शर्ट काढून घेतला. कुशीची शिवण दाभणाने उसवली, छातीपोटातली वाळू काढली आणि सोडणं ठासली. पायांत वाळू तशीच ठेवली. नाहीतर उचलणाऱ्याला लगेच कळेल. डोकं लागतं या कामाला.

मग शिवलं. चाळीस वर्षं गोधड्या शिवतेय मी, माझा टाका वाडीत प्रसिद्ध आहे. सुतळी न्यायची विसरले, म्हणून गोधडीचाच दोरा चौपदरी घेतला. चष्माही घरी होता. पण हाताला सवय असली की डोळे लागत नाहीत, हे साहेबांनीच शिकवलंय.

लुगडं नेसवलं. कासोट्यासकट. पाव्हणी छान दिसत होती. वर ताडपत्री टाकली आणि आले.

शिवाचा शर्ट चुलीत घातला. दमयंतीला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वर्गाला सुट्टी. शिवाला झोपू दिलं. सुंभाचा सराव केला. दोन झटक्यांना मी परत ओढलं, पण आता कमी जोराने. सुधारणा आहे.

शिवाला विचारलं, पथकात लागलास की पहिलं काय करशील? म्हणाला, आधी झोपेन. मग पडवीची कौलं परतून देतो, तू तीन पावसाळे बादल्या मांडतेस. बापाला पत्र घालतो, गोदीची जागा दुसऱ्याला द्या.

मला एवढं बरं वाटलं की गंगुबाईला अर्धी पाटी शिंपल्या, चांगल्या मोठ्या तिसऱ्या, देऊन आले. ती म्हणाली, केरू लागला तर तो पण इथेच राहील गो. मला तिचं पण जरा वाईट वाटलं. जागा दोनच आहेत, आणि एक शिवाची.

१५ डिसेंबर, सोमवार. दत्तजयंती

वर्गात आज नुसती उजळणी. पाव्हण्याला कोणी हात लावला नाही. साहेबांनी प्रश्न विचारले, शिवाने सगळी उत्तरं दिली. माणूस बुडाला तर आधी काय कराल? शेवटचा कुठे दिसला ते काठावरच्या लोकांना वेगवेगळं विचारीन, तिथे खूण लावीन. मग? मग दोर. मग? मग मी.

हे मला पायवाटेवर ऐकू आलं नाही, शिवाने घरी सांगितलं. मी त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं. आधी दोर, मग उडी. म्हणाला, आजी, आता झोपेत पण म्हणेन.

उद्या मी धक्क्यावर जाणार नाही. साहेबांचं तसं सांगणं आलंय, दोनदा. टेकडीवर देवीला जाऊन गाऱ्हाणं घालते. शिवाला सांगितलं नाही, गाऱ्हाण्याला जाताना सांगून गेलं तर पोचत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी

शिवा दही-साखर खाऊन गेला. परीक्षा दुपारी, ओहोटी लागल्यावर. कडक ओहोटीतच मुलांची खरी परीक्षा, असं साहेब म्हणतात. आज पुनवेचं उधाण, म्हणजे ओहोटी पण तशीच.

नारळ घेतला. निघते.

संध्याकाळी

कुठून लिहू?

देवळात मी आणि गुरवच. गाऱ्हाणं लांबलं, कारण मी केरूचंही घातलं, आणि मग विठूचंही, त्या खेडच्या पोराला इथे कोण आहे? प्रसाद घेऊन साडेचारला उतरले. बघते तर आमच्या अंगणात ही गर्दी. पायरीपर्यंत माणसं. बायका रडतायत. मी मागे उभी राहिले आणि पुढच्या बाईला विचारलं, काय गो, कोण गेलं? ती डोळे पुसत, मागे न बघता म्हणाली, हौसाबाई गेली गो, खाडीत. मी म्हटलं, अरेरे.

मग लक्षात आलं.

माणसं बरीच जमली होती. वरच्या वाडीचीही आली होती, ज्यांच्याशी आमचं चार वर्षं बोलणं नाही. गंगुबाई मधोमध बसून मनापासून रडत होती. अशी गुणाची होती गो, म्हणत होती. मी पुढे गेले आणि म्हटलं, होती कशाला? त्यावर जी किंकाळी उठली ती खाडीपलीकडे गेली असेल. गंगुबाईने आधी मला चापट मारली, मग मिठी मारली. मग परत चापट.

झालं ते असं. बोटवाल्याने पाव्हणा खाडीत नेऊन टाकला. लुगडं त्याने बघितलं होतं. त्याला वाटलं, साहेबांनीच यंदा बाई केली. पाव्हणा बुडाला. केरूची पाळी झाली, त्याला काही सापडलं नाही. विठूची झाली, त्यालाही नाही. सापडणार कसं? माझे टाके खालून उसवले होते, पायांतली वाळू सांडून गेली होती, आणि सोडणांनी पाव्हणीला उचलली होती. पार खाली, होड्यांच्या पलीकडे ती वर आली आणि ओहोटीला लागली.

(दोरा जुना होता. दुकानदाराने नवा म्हणून दिलेला.)

पलीकडच्या काठावरून कोणीतरी ओरडलं, बाई वाहत चाललीय! आमच्या काठावर गंगुबाई होती. तिने काठ ओळखला. वीस वर्षांचा डोळा. अगो हौसा गो, म्हणून तिने टाहो फोडला, आणि मग सगळेच ओरडले, आजी, शिवाची आजी! गंगुबाई आणि बायका तशाच रडत आमच्या घराकडे धावल्या, पुढचं त्यांनी बघितलंच नाही.

शिवाची पाळी होती. पाणचष्मा कपाळावर, विठू त्याच्या कमरेला दोर बांधत होता. गाठ अर्धी झाली होती. शिवाने दोर झटकला आणि उडी मारली.

साहेब भोंग्यातून ओरडले, दोर, शिवा, दोर! तो थांबला नाही. ओहोटीला तिरका पोहत गेला, पाव्हणीला गाठलं, छातीशी धरलं, आणि तसाच तिच्याबरोबर समुद्राकडे वाहत चालला. परत फिरायला त्याच्यात जोर उरला नव्हता. मग केरूने दोर बांधून घेतला. विठूने गाठ तीनदा बघितली. केरू गेला, शिवाला धरलं, तीन झटके दिले, आणि काठावरच्या सगळ्यांनी दोघांना ओढून घेतलं. पाव्हणीसकट तिघांना.

धक्क्यावर आल्यावर पण शिवा तिला सोडेना म्हणे. तोंड बघायचं म्हणून पदर बाजूला केला, आणि आतून सोडणं बाहेर आली.

शिवा घरी आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. तो ओला होता. माझ्याकडे बघत राहिला, मग शेजारी बसला. माझा पदर धरून एकदा ओढला. एक झटका.

मी पण त्याची बाही एकदा ओढली.

१७ डिसेंबर, बुधवार

साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. शर्ट, वाळू, सोडणं, गोधडीचा दोरा. ते ऐकत होते. म्हणाले, आजी, मला वाटलं होतं सोळा वर्षांत पाण्यातलं सगळं बघून झालं.

मी म्हटलं, मग शिवाचा काय दोष? पाव्हणा खाली नव्हताच, तर परीक्षा झालीच नाही. परत घ्या.

साहेब म्हणाले, परीक्षा झाली. तिघांचीच खरी झाली. एकाने दोर टाकला, एकाने बांधला आणि एकाने गाठ बघितली.

मी म्हटलं, तो माझ्यासाठी गेला हो. म्हणाले, ठाऊक आहे. म्हणूनच तर नियम आहे.

केरू आणि विठू. यादी लागली. शिवाला म्हणाले, पुढच्या वर्गाला ये, तुझ्यासारखा पोहणारा नाही. पुढचा वर्ग कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. मला म्हणाले, पुढचा वर्ग लागला की तुम्ही पंधरा दिवस लेकीकडे चिपळूणला राहून या. माझ्या तब्येतीची काळजी घेतात. मनाचा चांगला माणूस.

१८ डिसेंबर, गुरुवार

पूजा केली. काय मागायचं ते सुचलं नाही.

गंगुबाई पेढे घेऊन आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, मी ओरडले नसते तर. मी म्हटलं, तू नसतीस ओरडली तर मी गेल्याचं कोणाला कळलं असतं? पेढा खाल्ला. तिला लुगडं देऊन टाकलं, वाळवून. चिखलाचे डाग आहेत, पण काठ तसाच आहे.

शिवाला म्हटलं, मला चार शिव्या दे. म्हणाला, आजी, रोज म्हणायचो ना, आधी दोर? लुगडं दिसलं आणि काहीच आठवलं नाही.

एवढंच म्हणाला. मग शिडी मागून आणली आणि पडवीची कौलं परतली. दिवस पुरला नाही. चुलीकडच्या बाजूची राहिली.

२० डिसेंबर, शनिवार

एसटी स्टँडवर गेलो. दमयंती, मी, आणि केरू ट्रंक घेऊन. वळकटी शिवाने आमच्याच सुंभाने बांधली होती, मांडीवर घेऊन खिडकीशी बसला. सुंभाचं एक टोक खिडकीबाहेर लोंबत होतं. ते मी धरलं.

गाडी सुरू झाली तेव्हा मी तीन झटके दिले.

आतून दोन आले.

या वेळी मी ओढलं नाही. सोडलं.

घरी आले. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून लिहिते. माहेरची खाडी मी होडीतूनच पार करायचे आणि वल्हं भाऊ मारायचा. मला पोहता येत नाही.

डायरीची अकरा पानं उरलीत. शिमगा त्यांत येत नाही.